पैल्या गेरातला घाट

हेळवाकला गाडी थांबली की अण्णा आधी चहा सांगत नसत. सीटमागची लोखंडी टॉमी काढून ते गाडीभोवती एक फेरी मारत आणि प्रत्येक टायरवर एकेक ठोका देत. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरपर्यंत टॉमी पोचवायची तर वाकावं लागे. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकत. हवा पुरेशी असेल तर टायर टणक वाजतो, बसला असेल तर नुसतं भद्द होतं. सहा टायर, सहा ठोके. सगळे नीट वाजले की टॉमी माझ्या हातात देऊन म्हणत, "सांग आता दोन चहा." मग पुढं कुंभार्ली घाट उतरायचा.

अण्णा माझे चुलते. कराडला त्यांचा एक ट्रक होता, आणि १९७३ च्या जूनमध्ये मी त्यांच्याकडे किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून आलो. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं खटाव तालुक्यातल्या आमच्या घरचं सगळंच आटलं होतं. विहीर आटली, दोन बैल गेले, वडील बंडिंगच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. माझी शाळा सुटली त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही, मलासुद्धा. अण्णा एका रविवारी आले, वडिलांशी ओट्यावर बसून बोलले आणि जाताना मला म्हणाले, "चल, कापडं घे."

तोवर पाऊस म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं म्हणायचं. पाटण मागं पडलं तसं आभाळ खाली खाली येत गेलं, आणि कोयनानगरच्या पुढं ते थेट बॉनेटवर येऊन बसलं. आमच्याकडे वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस तिथं एका आठवड्यात पडलेला मी पुढं पाहिला. पहिल्या दिवशी मात्र मी केबिनच्या डाव्या दारातून हात बाहेर काढून नुसता बसून राहिलो होतो. अण्णांनी हसून पाहिलं आणि तंबाखूची पुडी पुढं केली. मला वाटलं खायला दिली. त्यांनी तंबाखू ओली करून काचेवर घासायला सांगितली. त्यानं पाणी काचेवर थेंब धरून थांबत नाही, पसरून वाहून जातं. वायपरचं एक पातं होतं, पण त्याचं काम त्याच्या मर्जीवर चाले.

गाडी नाकाची होती, म्हणजे लांब बॉनेटची. टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून ट्रक बनवायला घेतले, आणि १९६९ ला तो करार संपेपर्यंत आपल्या रस्त्यांवरच्या टाटाच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे. आमची गाडी त्या काळातली. अण्णांनी ती तिसऱ्या हातानं घेतली होती, चांदणीचं एक टोक मोडलेलं होतं, तरी दर दसऱ्याला तिला राखेनं घासून हळदकुंकू लागे. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, शंभराच्या आसपास घोडे. आजच्या एखाद्या मोटारीच्या पोटातही तेवढे घोडे असतात, आणि तिला चार माणसं आणि एक बॅग ओढायची असते. आमच्या गाडीचं पासिंग असेल ते असो, हौद्यात दहा टन माल असे. उतरताना गूळ, साखर, कांदा. चढताना जांभ्याचे चिरे, कौलं, सीझनला आंबा. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ मध्ये. तोपर्यंत कोकणाचं देशाकडचं जवळजवळ सगळं येणंजाणं घाटांतून आणि आमच्यासारख्यांच्या पाठीवरून झालं.

दहा टन आणि शंभर घोडे एवढं गणित मांडलं की घाट कसा चढायचा ते आपोआप ठरतं. पैल्या गेरात. पोफळी सुटली की रस्ता उभा होत जाई, गाडी चौथ्यावरून तिसऱ्यात, तिसऱ्यावरून दुसऱ्यात येई, आणि मग एका वळणाआधी अण्णा पैला टाकत. तिथून पुढं माणसाच्या चालीचा वेग. मी खाली उतरून बाजूनं चालत असे. चालत म्हणजे खरंच चालत. लघवीला थांबलो तरी पुढच्या वळणाला गाडी गाठायचो. माझ्या हातात बाभळीचा ठोकळा. चढावर गाडी अडली आणि मागं सरकायला लागली तर ब्रेकवर विसंबायचं नाही, ठोकळा मागच्या चाकाखाली गेला पाहिजे. कसा घालायचा तेही अण्णांनी शिकवलं होतं. बाजूनं घालायचा, चाकाच्या मागं उभं राहायचं नाही, आणि हात लगेच काढून घ्यायचा. एका किन्नराची तीन बोटं चाकाखाली गेलेली मी पाहिली आहेत. तो पुढं कराडच्या स्टँडवर शेंगदाणे विकत असे आणि पुड्या डाव्या हातानं बांधत असे.

चालत चढल्यामुळं तो घाट माझ्या पायांना माहीत झाला. मोटारीतून जाणाऱ्याला घाट म्हणजे एक देखावा असतो, दरी आली की फोटो काढायचा. मला कुठल्या वळणावर कपारीतून पाणी रस्त्यावर येतं, कुठं करवंदीची जाळी डांबरापर्यंत पोचलीय, कुठं डांबर संपून नुसती खडी लागते ते माहीत होतं. मे महिन्यात चढताना करवंदं तोडून टोपीत भरायची आणि वर केबिनमध्ये चढून अण्णांपुढं टोपी धरायची. ते स्टेअरिंगवरचा हात न काढता तोंड पुढं करत. स्टेअरिंगवरून हात काढायची सोयच नव्हती. पॉवर स्टेअरिंग वगैरे काही नव्हतं. भरलेली गाडी उभी असेल तर चक्र हलतच नसे, ती किंचित का होईना सरकत असताना ते फिरवायचं. वळणात अण्णा सीटवरून अर्धवट उठत आणि खांद्यानं चक्र ओढत. नाकाची गाडी असल्यानं वळणात बॉनेट दरीवर जाई. सीटवरून पाहिलं की आधी बॉनेट, मग चांदणी, आणि त्यापुढं धुकं. चाकं रस्त्यावर आहेत हे दिसत नसे, ते माहीत असावं लागे.

मी वीस वर्षांचा झालो तेव्हा, १९७७ मध्ये, लायसन्स निघालं. गाडी त्याआधीच हातात आली होती, पण ते बोलायचं नाही.

शिकताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो गिअरला. त्या गिअरबॉक्समध्ये आजच्यासारखी मदत नव्हती. दात एका वेगाला आले तरच गिअर बसायचा, आणि तो वेग जुळवायचं काम ड्रायव्हरच्या पायाचं आणि कानाचं. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून आधी न्यूट्रल, क्लच सोडायचा, रेस द्यायची, इंजिनाचा आवाज हव्या त्या पट्टीवर आला की पुन्हा क्लच दाबून गिअर. याला डबल क्लच म्हणत. सपाटीवर हे जमायला एक महिना लागला. घाटात जमायला एक वर्ष. कारण उभ्या चढावर हे सगळं करताना दहा टन थांबून राहत नाहीत. एवढ्या दोन-तीन श्वासांत वेग मरतो, मग दुसरा तर सोडाच, पैलाही बसत नाही, आणि किन्नर ठोकळा घेऊन धावतो. म्हणून गिअर वळणाच्या आधी, वळणात नाही. आणि आधी म्हणजे कधी, तर इंजिन दमायच्या जरा आधी. ते इंजिनच सांगतं. आवाज जाड व्हायला लागतो, मग त्यात एक थरथर येते, ती गिअरच्या दांड्यातून तळहाताला लागते. थरथर आली आणि तुम्ही अजून विचार करताय, म्हणजे उशीर झाला. अण्णा बाजूला बसून डोळे मिटून घेत आणि मी चुकलो की डोळे न उघडता डॅशबोर्डवर बोटांनी टकटक करत. त्यांचा पंजा कायम डॅशबोर्डवर असे. मला वाटायचं, धरून बसायला.

आवाजावरून त्यांना समोरून येणारी गाडीही कळे. आंबा घाटात, फोंडा घाटात धुक्यात समोरचं काही दिसत नसताना म्हणायचे, "कॉमेट हाय. मोकळी हाय. साईड दे." आणि मिनिटाभरानं खरंच लेलँडची कॉमेट धुक्यातून बाहेर यायची. फार्गो आणि बेडफर्डही ते ओळखत. मोकळी की भरलेली हेसुद्धा सांगत, याचं मला जास्त नवल वाटे. अर्थात पैज लावायची वेळ आली तर सहसा माघार घेत.

घाटात चढणाऱ्याचा मान पहिला, उतरणाऱ्यानं थांबायचं. हे कायद्यातही आहे, पण आम्ही कुणी कायदा वाचलेला नव्हता. चढणारा थांबला तर त्याला पुन्हा उचलणं किती जड जातं ते प्रत्येकाच्या पायाला ठाऊक होतं, एवढंच. उतरणारा वळणाच्या आतल्या अंगाला गाडी घेऊन डिपर मारायचा, चढणारा जाताना हात वर करायचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तो हात मी फारसा पाहिलेला नाही. हल्ली गाड्याच थांबत नाहीत, तर हात कशाला वर करायचा.

चढायला वेळ लागतो, पण भीती असते ती उतारात. हे लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही. उतारात काय, गाडी आपली आपण जाते, असं म्हणतात. तेच तर. दहा टनांना आपली आपण जायची फार घाई असते. तिला अडवायला दोनच गोष्टी, ब्रेक आणि इंजिन. ब्रेक म्हणजे ड्रमच्या आत लायनर घासणार. सतत घासले की ड्रम तापतो, तापला की लायनर धरेनासे होतात, जळका वास सुटतो. आमचे ब्रेक हवेच्या मदतीनं चालणारे ऑइल ब्रेक. फारच तापले तर आतलं ऑइल उकळून त्याची वाफ होते आणि मग पेडल नुसतं खाली जातं, पायाखालची पायरी काढून घेतल्यासारखं. म्हणून ब्रेक जपून ठेवायचा आणि काम इंजिनाकडून करून घ्यायचं. ज्या गेरात चढ, त्याच गेरात उतार. पैल्यात किंवा दुसऱ्यात गाडी सोडली की चाकं इंजिनाला फिरवायला बघतात, इंजिन गुरगुरत त्यांना मागं ओढतं. उतारभर ते गुरगुरणं चालू असायला हवं. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे महाभाग होते. चार-पाच रुपये वाचत असतील. अण्णा अशा ड्रायव्हरबरोबर एका टेबलावर चहा पीत नसत.

त्याच डोंगराच्या पोटातून कोयनेचं पाणी खाली येत होतं. कोयना पूर्वेकडे कराडला कृष्णेत जाणारी नदी, तिला धरणानं अडवलं आणि बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे सोडलं. शेकडो मीटर खाली कोसळून, टर्बाइन फिरवून ते वाशिष्ठीला मिळतं. आम्ही ज्या उतारात वेग मारत, जीव मुठीत धरून उतरायचो, त्याच उतारात पाण्याच्या वेगाची वीज व्हायची. हे मला बरीच वर्षं सुचलंच नव्हतं. एका रात्री पोफळीला गाडी थंड करत बसलो असताना वीजकेंद्रातल्या एका कामगारानं सांगितलं. मी म्हटलं, "तुमचं बरंय, तुमच्या मालाला ब्रेक लागत नाही." तो म्हणाला, "लागतो की. झडपा कशाला असतात?"

१९८१ चा ऑगस्ट. कराडहून गुळाच्या ढेपा भरून चिपळूणला निघालो होतो. अण्णा नव्हते, किन्नर म्हणून पाटणकडचा एक पोरगा होता, मी पहिल्यांदा आलो तेव्हा होतो त्याच वयाचा. हेळवाकला मी टायर ठोकले, पण चहा सांगून झाल्यावर. रात्र, धुकं, धार लागलेली. दुसऱ्यात उतरत होतो. पुढं एक वळण होतं तिथं पैला हवा, हे मला माहीत होतं आणि तरी वाटलं, ब्रेकवर निघेल. अर्धा घाट तसाच ब्रेकवर काढला होता. वळण दिसलं तेव्हा मन बदललं. क्लच दाबला, न्यूट्रलला आणली, रेस दिली. वेग जास्त झालेला. गिअर किंचाळला आणि बसला नाही. पुन्हा दुसऱ्यात टाकायला गेलो, तोही बसेना.

आणि गाडी गप्प झाली.

इंजिन चालू होतं, पण त्याचा चाकांशी संबंध उरला नव्हता. ओल्या रस्त्यावर टायरचा सर्रर्र आवाज, पाट्यांची करकर, ताडपत्रीवर पाऊस. इतका पाऊस पडतोय हे मला तोवर ऐकूच आलं नव्हतं. ब्रेक दाबला, धरला, सुटला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा पेडल हातभर खाली गेलं असं वाटलं. पोरगा ठोकळा मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होता. रस्त्याकडे नाही, माझ्याकडे. डाव्या अंगाला डोंगर होता हे नशीब. मी चक्र डावीकडे ओढलं, डावी चाकं गटारात गेली, हौदा कड्याला घासत, ठिणग्या आणि माती उडवत गेला आणि कुठंतरी एका दगडाला पुढचं चाक अडलं. पोरगा दार उघडू शकला नाही, कारण दारापुढं डोंगर होता. तो माझ्या अंगावरून उडी मारून उजव्या दारानं उतरला आणि पळत जाऊन चाकाखाली ठोकळा लावला. गाडी आता उभ्या जन्मात हलणार नव्हती, पण त्याचं काम त्यानं केलं.

सकाळी अण्णा पहिल्या एसटीनं आले. त्यांनी फाळक्याची मोडलेली फळी पाहिली, फुटलेल्या ढेपा पाहिल्या, मुंग्यांची रांग पाहिली. शिव्या येतील म्हणून मी उभा होतो. त्यांनी विचारलं, "आवाज कवा गेला?"

"वळणाच्या आधी."

"मग गेर त्याच्या आधी टाकायचा हुता." एवढं बोलून त्यांनी टॉमी मागितली आणि टायर ठोकत गाडीभोवती फिरले. डावीकडून डोंगर होता, तिथं त्यांना शिरता आलं नाही.

या दिवसांबद्दल मी मऊ होऊन बोलतो असं घरचे म्हणतात. ते खरं आहे. पण ते दिवस मऊ नव्हते. कमरेचे मणके तेव्हाच गेले. जेवणाची वेळ नाही, झोपेची वेळ नाही, नाक्यानाक्यावर चहापाण्याचे पैसे, आणि मालकाचं भाडं महिन्यानं. आमचं बरं, गाडी घरची होती. बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना रेल्वेसाठी घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं म्हणून ते सांगतात. तिथून जाताना ड्रायव्हर नाणं टाकतात. मीही टाकलं आहे, आणि ते टाकताना मनात भक्तीपेक्षा हिशेब जास्त असे, की एवढ्यानं निभावलं तर स्वस्तात पडलं. खंबाटकीला आता पुण्याकडे येणाऱ्यांसाठी बोगदा आहे, बोरघाटाला द्रुतगती महामार्ग आहे. छान आहेत. जुन्या रस्त्यानं गेलेली माणसं तिथं आता परत मरणार नाहीत.

कोकण रेल्वेनं पुढं ट्रकच रेल्वेच्या सपाट वॅगनवर चढवून न्यायची सेवा सुरू केली. पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. भरलेले ट्रक ओळीनं आगगाडीवर, आणि काहींच्या केबिनमध्ये ड्रायव्हर बसलेले. हात मांडीवर, समोर वळण आलं तरी काही करायचं नाही. मी त्याच्या बरंच आधी, १९८९ ला, गाडी सोडली होती आणि कराडला हार्डवेअरचं दुकान टाकलं होतं. अण्णांची चांदणीची गाडी त्याच्या आधीच भंगारात गेली होती. वजनावर गेली. ठोकळा तेवढा राहिला. दुकानाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो तिथं असतो, टायरच्या गोलाईची खाच पडलेला.

अण्णांचा उजवा कान पन्नाशीतच कमी झाला होता. खिडकीकडचा कान, खूप ड्रायव्हरांचा तोच जातो. सत्तरी गाठेपर्यंत दोन्ही गेले. बोलणं ओठांवरून समजून घेत, नाही समजलं तर मान हलवत. चिपळूणला त्यांच्या मेहुण्यांकडे लग्न होतं, तेव्हा मी त्यांना माझ्या नव्या मोटारीतून घेऊन निघालो. पाऊस नव्हता, स्वच्छ ऊन होतं. हेळवाकला थांबलो, चहा घेतला. त्यांनी बसल्या जागेवरून माझ्या चारही टायरांकडे नुसतं पाहिलं.

घाट लागला. मी तिसऱ्यात उतरत होतो, मोटार हलकी, रस्ता रुंद झालेला, काही प्रश्न नव्हता. अण्णांनी डावा पंजा उचलून डॅशबोर्डवर ठेवला. धरून बसायला नव्हे, हे मला त्या दिवशी, इतक्या वर्षांनी, समजलं. बोटं पसरून, तळवा टेकवून. तसेच ते दोन वळणं बसले. मग पंजा जरा सरकवून दुसरीकडे ठेवला. मग माझ्याकडे वळले, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्यानं म्हणाले, "न्यूट्रल मारलंस व्हय रं?"

मी मान हलवून नाही म्हटलं. गिअरच्या दांड्याकडे बोट केलं. त्यांना ते पटलं नाही. पंजा तिथंच राहिला, आणि उजवा हात सीटखाली काहीतरी चाचपत होता.

पुढच्या वळणाच्या आधी मी मोटार दुसऱ्यात टाकली. गरज नव्हती. इंजिन चढ्या आवाजात ओरडलं, मोटार थरथरली, मागून येणाऱ्यानं हॉर्न मारला. आणखी एका वळणाला पैल्यात टाकली. आता सगळा डॅशबोर्ड कापत होता. अण्णांनी पंजा काढून मांडीवर ठेवला, मान सीटला टेकवली आणि खिडकीबाहेर पाहू लागले. पोफळीपर्यंत मी गिअर बदलला नाही. मागं गाड्यांची रांग लागली होती.